देईन

मे महिन्यात अकोल्याच्या दुपारी घराबाहेर जो दिसेल, तो एकतर वेडा समजावा, नाहीतर काहीतरी विकणारा. शेखर विकणारा होता. ठिबक सिंचनाच्या नळ्या विकायला तो अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा मोटारसायकलवर दिवसभर फिरायचा आणि संध्याकाळी भाजलेल्या वांग्यासारखा घरी परतायचा. त्या दिवशी मात्र रविवार होता. शेखर कूलरसमोर पाय पसरून पडला होता आणि त्याची बायको, गीतांजली, शिडीवर चढून रबराच्या झाडाची पानं पुसत होती.

हे झाड तिच्या माहेरचं. साताऱ्याला आईने लग्नानंतर डब्यात खोचून दिलेली दोन पानांची काडी. आईने म्हटलं होतं, याला काही लागत नाही, कुठेही जगतं. जगलं खरं. कुंडीतून बादलीत, बादलीतून निळ्या ड्रमात, आणि आता त्या रो-हाऊसच्या दुमजली उंच हॉलमध्ये त्याचा शेंडा वरच्या छताला टेकून वाकला होता. खोड मांडीएवढं झालं होतं. मधल्या फांद्यांवरून दोरीसारखी मुळं लोंबत होती. ड्रम फोडून खालची मुळं फरशीच्या सांध्यात शिरली होती आणि दारातून झाड बाहेर काढायचं म्हटलं, तर आधी भिंत पाडावी लागली असती. हौसेला मोल नसतं म्हणतात; गीतांजलीच्या हौसेला तर मापही नव्हतं. एकेक पान ओल्या फडक्याने पुसायची, आधी वरून, मग खालून. लेकीचं तोंडही ती इतक्या निगुतीने पुसत नाही, असं शेखर म्हणायचा, आणि त्यात अगदीच खोटं होतं असं नाही.

पण महिनाभरापासून झाड रुसलं होतं. पान पिवळं पडायचं आणि जेवताना मागून कुणी ताट टाकावं तसा आवाज करून फरशीवर पडायचं. पाणी कमी करून झालं, जास्त करून झालं. नर्सरीवाल्याने खत दिलं, औषध दिलं, शेवटी हात जोडले. खुंटलेल्या शेंड्यांकडे बघून गीतांजलीला रडू यायचं. आईला जाऊन वर्ष झालं नव्हतं. आईच्या हातचं आता एवढंच उरलं होतं.

"लाड बंद करा त्याचे," आतल्या खोलीच्या दारात उभे राहून वामनराव म्हणाले. "त्याले भेव दाखवा लागते, सूनबाई."

वामनराव म्हणजे शेखरचे वडील. मोर्शीकडे त्यांची संत्र्याची बाग होती. बायको, शकुन, गेली आणि मागोमाग विहीर आटली, तेव्हा ते मुलाकडे येऊन राहिले. येताना त्यांनी कपड्यांची एक पिशवी आणि गोणपाटात गुंडाळलेली कुऱ्हाड आणली होती. शहरात कुऱ्हाड कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, हाताले सवय हाय.

मग त्यांनी बागेतली रीत सांगितली. जे झाड बहर धरत नाही, त्याच्यापुढे मालकाने कुऱ्हाड घेऊन जायचं. लेकरं देतं का घालू घाव, असं खडसावून विचारायचं. संत्र्यांना वामनराव लेकरंच म्हणायचे. दुसऱ्या एका माणसाने धावत येऊन झाडाला मिठी मारायची, त्याचा जामीन व्हायचं आणि सांगायचं की मारू नका, देईन. मग कुऱ्हाड खाली. बागेत जामीन व्हायची शकुन. ती इतकी खरं वाटेल अशी रडायची की वामनरावांच्याच डोळ्यांत पाणी यायचं. आणि पुढच्या साली फांद्या मोडेस्तोवर लेकरं.

"हे काय संत्र्याचं झाड आहे का, मामाजी?" गीतांजली हसली.

"झाड ते झाड. कान साऱ्याइलेच असतात."

शेखरला तर करमणूकच हवी होती. त्याने मोबाईल काढला. आठ वर्षांची आकांक्षा टाळ्या पिटत जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. गीतांजली शिडीवरून उतरली. करून बघायला काय जातं, असं तिला वाटलं. माणसाला जेव्हा जेव्हा असं वाटतं, तेव्हा काहीतरी जातंच.

वामनरावांनी धोतर खोचलं आणि कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात त्यांचा चेहराच बदलला. एरवी चहात साखर कमी पडली तरी न बोलणारा म्हातारा, आता त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. त्यांनी कुऱ्हाडीचा मागचा बोथट तुंबा खोडावर असा हाणला की छतापर्यंतची सगळी पानं शहारली. साल दबली आणि पांढराशुभ्र चीक खोडावरून ओघळला.

"खाऊन-पिऊन माजलं साल्या! लेकरं देतं का नाई? बोल! का घालू घाव?"

पुन्हा तुंबा बसला. आकांक्षाच्या टाळ्या थांबल्या. वामनरावांनी कुऱ्हाड फिरवून पातं पुढे केलं आणि डोक्यावर उगारलं. ते थांबणार नाहीत, असं त्या क्षणी गीतांजलीला खरोखर वाटलं. ती धावली. खोडाला दोन्ही हातांनी कवळ घालून तिने गाल सालीला लावला आणि शिकवलेलं होतं ते ओरडली.

"नका मारू! देईन! देईन!"

कुऱ्हाड खाली आली. वामनराव धापा टाकत होते. शेखर म्हणाला, पिच्चर झाला राजा. गीतांजलीच्या गालाला चीक लागला होता. तो साबणाने निघाला नाही, खोबरेल तेल लावून खरवडावा लागला.

आठवड्याच्या आत झाडाने अंग धरलं. प्रत्येक फांदीच्या टोकाला लालबुंद कोंब आला. त्याचं लाल वेष्टण गळून आतून तळहाताहून मोठं, चकचकीत पान उलगडायचं. लोंबणारी मुळं लांबली. शेजारणी बघायला आल्या. वामनराव मिशीत हसले आणि गीतांजलीने त्यांच्यासाठी पुरणाच्या पोळ्या केल्या.

आकांक्षा मात्र जेवेनाशी झाली. उन्हाळ्यात मुलं जेवत नाहीतच, असं सगळे म्हणाले. ती पाणी प्यायची. तांबेच्या तांबे, गटागटा, उभ्यानेच. सुट्टी होती, पण खेळायला जायची नाही. झाडाशी जाऊन नुसती उभी राहायची. दुपारी कूलरसमोर सतरंजीवर झोपायची तेव्हा तिचं तोंड खिडकीकडे असायचं. गीतांजली तिची कूस बदलून जायची आणि परत येऊन बघावं तर मुलीची मान हळूहळू उजेडाकडे वळलेली. कुंडी लहान होती तेव्हा गीतांजली ती आठवड्याला थोडी फिरवायची, सगळ्या बाजूंनी उजेड मिळावा म्हणून. एकदा तिच्या मनात आलं, आपण आता मुलीला तसं फिरवतो आहोत. तो विचार तिने तिथेच झटकला आणि स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने रेडिओ लावला.

मग एका संध्याकाळी आकांक्षा सायकलवरून पडली. कोपर खरचटलं. गीतांजलीने धुवायला हात धरला तर सोललेल्या कातडीवर पांढरे थेंब होते. रक्त नव्हतं. तिने बोटाने पुसलं, बोट चिकटलं. मुलगी रडतही नव्हती. शेखर म्हणाला, कुठंतरी चुन्यात पडली असंन. गीतांजलीने ते मान्य केलं, कारण दुसरं काही मान्य करण्याची तिची हिंमत नव्हती. मुलीला डॉक्टरकडे न्यायचं असं मात्र तिने ठरवलं. सकाळी शेखरला लवकर निघायचं होतं, म्हणून ते संध्याकाळवर गेलं.

ती संध्याकाळ यायच्या आधी दुपार आली.

सगळं घर उन्हाने दबलं होतं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. शेखर सकाळीच मोटारसायकल घेऊन मूर्तिजापूरकडे गेला होता, वामनराव आतल्या खोलीत झोपले होते आणि गीतांजली गच्चीवर वाळलेल्या कुरडया गोळा करत होती. खालून कूलरची घरघर ऐकू येत होती. मग घरघर थांबली. वीज गेली असेल, असं म्हणून गीतांजली पाटी घेऊन जिना उतरू लागली. खालून वास आला. कच्चा, हिरवा, पान मोडल्यावर येतो तसा. आणि त्यात दुधाचा.

सतरंजी रिकामी होती.

आकांक्षा झाडापाशी उभी होती. पाठ खोडाला लावून. वरून लोंबणारी मुळं तिच्या कमरेभोवती, दंडांभोवती, वेणीत वळसे घालून घट्ट बसली होती, आणि एक बारीक मूळ तिच्या तोंडात गेलं होतं. गळ्याची हालचाल दिसत होती. ती पीत होती. डोळे उघडे होते, खिडकीकडे.

पाटी जिन्यावरून गडगडत गेली. गीतांजलीने आधी ते तोंडातलं मूळ धरलं आणि ओढलं. हातभर बाहेर आलं तरी संपेना. मुलीला ढास लागली, ओठांच्या कडांतून पांढरं वाहू लागलं. गीतांजलीने मूळ दातांनी तोडलं. चीक तिच्या तोंडात, डोळ्यांत गेला, पापण्या चिकटल्या. आंधळ्यासारखी ती दंडावरचे वळसे उपसू लागली. नखं उलटली, तरी तिने सोडलं नाही. एक मूळ तिच्या मनगटावर बसलं आणि तिला असं झटकलं की ती शिडीसकट कूलरवर जाऊन आदळली. कपाळ फुटलं. मुलीच्या बरगड्यांवरचे वळसे आवळत होते, तो करकर आवाज तिला जमिनीवरून ऐकू आला.

"मामाजी! कुऱ्हाड!"

वामनराव ती घेऊनच आले. पण दारातच ते थबकले. गीतांजलीने त्यांच्या हातातून कुऱ्हाड हिसकली आणि आयुष्यात कधी भाजीच्या विळीपलीकडे काही न चालवलेल्या त्या बाईने सगळं बळ एकवटून खोडावर घाव घातला. पातं बोटभर आत गेलं.

आकांक्षा किंचाळली. आठवडाभरात तिच्या तोंडून निघालेला तो पहिलाच आवाज होता.

घाव जितक्या उंचीवर बसला होता, तितक्याच उंचीवर मुलीची मांडी उघडली होती. आतून चीक वाहत होता, जाड, पांढरा. आणि खोडावरच्या खाचेतून जे उसळून गीतांजलीच्या पायावर पडलं, ते लाल होतं. गरम होतं.

तिने कुऱ्हाड दुसऱ्यांदा उगारली आणि ती तशीच वर राहिली. खाली आणता येईना, टाकून देता येईना. आईच्या काडीचं झाड. पोटची पोर. कुठे मारायचं?

"काय बोलली होती तू?" वामनराव मागून म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "त्या दिवशी... मिठी मारून... काय बोलली तू?"

"तुम्ही सांगितलंत तेच. देईन म्हणाले."

"थे देईन! झाड देईन! मी तेच सांगतलं..."

"आमच्याकडे..." गीतांजलीच्या हातातून कुऱ्हाड सुटून फरशीवर पडली. "मामाजी, आमच्याकडे देईन म्हणजे मी देईन."

इतकी वर्षं ती शेखरला याच शब्दावरून चिडवत आली होती. वऱ्हाडात पाऊस येईन म्हणतात, गाडी जाईन म्हणतात. तो येईल, ती जाईल हे इथे कोणाच्या जिभेलाच येत नाही. गाडी काय स्वतः बोलते का रे, असं म्हणून ती हसायची. इथे तेच बरोबर होतं. वामनरावांनी शिकवला तो शब्द शकुनच्या तोंडी झाडाचा होता. गीतांजलीच्या तोंडी तो तिचा स्वतःचा झाला.

"अन् थे तुमच्या तिकडचं हाय," वामनराव पुटपुटले. "थे तुमचीच बोली समजते."

लेकरं देतं का, असं विचारलं होतं. देईन, असं तिने सांगितलं होतं. झाडाने ऐकलं होतं आणि ते आपलं घ्यायला आलं होतं.

मुलीची मान कलंडली. ओठ निळे पडू लागले होते. गळ्याभोवती नवा वळसा सरकत होता, सावकाश, घाई नसल्यासारखा. गीतांजली खोडावर डोकं आपटून आपटून सांगू लागली, मी नाही दिलं, मी नाही देणार, मला घे. कपाळाची जखम रुंदावत गेली. वळसा सरकतच राहिला. दिलेला शब्द देणाऱ्याला परत घेता येत नाही.

तेव्हा वामनराव पुढे आले. त्यांनी सुनेला धक्का देऊन बाजूला केलं. लाल चिखलात गुडघे टेकून त्यांनी खोडाला मिठी मारली आणि शकुन जशी रडायची तसे ते रडले.

"नातीले सोड. सून परकी पोट्टी हाय, तिले बोलता नाई आलं. जामीन मी. आता मी देईन. आयकलं का? मीच देईन."

झाडाचं एकेक पान हललं. कूलर बंद होता, खिडकी बंद होती. मग गळ्याचा वळसा सैल झाला. दंडाचे सुटले. कमरेचे सुटले. आकांक्षा ओल्या कपड्यासारखी खाली घसरली आणि गीतांजलीने तिला झेललं. मांडीवरच्या जखमेतला पांढरा चीक आधी गुलाबी झाला, मग लाल. रक्त. गीतांजलीने ते दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि ती मोठमोठ्याने हसायलाच लागली. तिच्या लेकीचं रक्त वाहत होतं आणि त्याहून चांगलं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

मुलगी डोळे उघडून म्हणाली, आई, भूक लागली.

वामनराव अजून खोडाला धरून होते. आता मला ने, असं काहीतरी म्हणत होते. काहीच होत नव्हतं. मुळं सरळ लोंबत होती. ओढणीने जखम बांधता बांधता गीतांजलीचे हात थांबले.

"मामाजी, तुम्ही काय द्यायचं कबूल केलंत?"

"माहा जीव. अजून काय हाय माह्यापाशी?"

"त्याने जीव मागितला नव्हता." ती खोडाकडे बघत म्हणाली. "तुम्ही काय विचारलं होतंत त्या दिवशी... लेकरू..."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्यांना एकच लेकरू होतं.

फोन वाजत राहिला. शेखर उचलेना. तिने पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग त्याने उचलला, आणि त्याचा आवाज जेवून तक्क्याला टेकलेल्या माणसासारखा संथ होता.

"हां, बोल ना."

"कुठे आहेस?"

"मूर्तिजापूरच्या अलीकडं. उनानं डोकं गरगरलं, म्हणून बसलो जराशीक. काय झाड हाय इथी, गीता... अशी गार सावली पाह्यलीच नाई मी..."

त्या रस्त्याने ते तिघे महिन्यापूर्वीच आले होते. चौपदरी झाल्यापासून तिथे दोन्ही बाजूंना काळी, उघडी वावरं आहेत. वाटेत आकांक्षाला लघवीला बसवायला आडोसा शोधत त्यांनी कितीतरी अंतर कापलं होतं. झाड सोडा, झुडूपही दिसलं नव्हतं.

"शेखर, ऊठ तिथून. आधी ऊठ. उन्हात जा."

"उठतो ना..." तो थांबला. "थांब. शर्ट चिकटला वाटते. पाठ... पाठच सुटून नाई राहिली..."

वामनरावांनी फोन ओढून घेतला. ते त्यात ओरडत होते, नोको, त्याले नोको, मी चुकलो, मी चुकलो. फोन कट झाला नव्हता. पलीकडे जाड पानं एकमेकांवर घासत होती, आणि मधूनच ओला, ओढल्यासारखा आवाज येत होता. शेखर एकदाच ओरडला. तोही अर्धाच.

आकांक्षाच्या मांडीला टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर ती दोन पोळ्या, भात आणि परत एक पोळी जेवली, आणि गीतांजलीने तिला घासाघासाने भरवलं. मूल जेवतंय याचा त्या घटकेला तिला जो आनंद झाला, तो तिने स्वतःला कधी माफ केला नाही.

शोधायला योगेश गेला होता, शेखरचा दोस्त, आणि सोबत पोलीस. मोटारसायकल रस्त्याच्या कडेला नीट स्टँडवर लावलेली सापडली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. फोन खाली ढेकळांत. शेखर कुठेच नव्हता. लांबपर्यंत एकही झाड नव्हतं, कापलेल्या झाडाचा बुंधासुद्धा नव्हता. दिवसभर उन्हात तापून डांबर मऊ झालं होतं, पोलिसांच्या जीपच्या दाराला हात लावता येत नव्हता. गाडी ढकलायला म्हणून योगेशने सीटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. सीट थंडगार होती. टाकीवर दव साचलं होतं, आणि योगेशच्या डोळ्यांदेखत त्यातला एक थेंब ओघळून खालच्या तापलेल्या मातीत पडला.

गाडी तिथून हलवायला कोणी तयार होईना. गीतांजलीनेही ती आणा म्हटलं नाही.